वाचवायचं का?

चहाला उकळी फुटायला आणि टेबलावरचा माझा मोबाइल वाजायला एकच गाठ पडली. सकाळी मला कुणाचा निरोप येत नाही. आलाच तर औषधांच्या दुकानाचा, नाहीतर मी न मागितलेलं कर्ज मंजूर झाल्याचा, आणि ती मंडळी दुपारची येतात. मी मोबाइल उचलला, मान थोडी उजवीकडे वळवली, हल्ली ती वळवावी लागते, आणि कडेच्या नजरेनं ओळ पकडली. ‘धक्क्यावर तुमच्या लेखनाला नवं उत्तर आलं आहे.’ वाक्य ओळखीचं वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं, कारण ते माझंच होतं. फार पूर्वी मीच ते मराठीत बसवलं होतं आणि यंत्र ते जसंच्या तसं पाठवत असे. पण कित्येक वर्षांत त्यानं ते पाठवलं नव्हतं. बंद पडलेल्या घराच्या खिडकीत उजेड दिसावा तसं मला झालं. आनंद नाही, भीतीही नाही; आत कोण शिरलंय, एवढंच. तेवढ्यात चहा उतू गेला.

“काय उतवलंत?” बायको आतल्या खोलीतून म्हणाली. तिनं पाहिलं नव्हतं. तिला बघावं लागत नाही.

“काही नाही.”

“काही नाही कधी उतू जात नाही. चहाच जातो.”

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. सगळा जन्म कानाला यंत्र लावून, न दिसणाऱ्या माणसांना न दिसणाऱ्या माणसांशी जोडून देण्यात गेला. तिची माझी ओळखसुद्धा तशीच झाली. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो, परगावच्या लेखकांना शंका विचारायला ट्रंक कॉल लावावा लागे, आणि दुसऱ्या टोकाला एक आवाज म्हणे, “धरा.” एवढंच. लाजऱ्या माणसाला एवढं पुरतं. मी शंका वाढवायला लागलो. ऱ्हस्वदीर्घाच्या एरवी मीच सोडवल्या असत्या अशा शंका मी लेखकांना विचारू लागलो, आणि एक वयस्कर लेखक तर वैतागून म्हणाले की तुम्हाला व्याकरण येत नसेल तर नोकरी बदला. तो आवाज आता आतल्या खोलीत असतो, आणि दूधवाल्यालाही “धरा, सुटे आणते” असं म्हणतो.

धक्का म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. ‘पलीकडचा काठ’ नावाचा एक व्हिडिओ गेम होता. त्यात मारामारी नव्हती, त्यामुळे तो फारसा खपलाही नाही. एक नदी, तिच्यावर धुकं, आणि तुमच्या हातात एक होडी. अलीकडच्या धक्क्यावर माणसं येऊन उभी राहतात, तोंडं दिसत नाहीत, नुसत्या आकृत्या, कुणाच्या हातात गाठोडं, कुणाच्या काखेत पिंजरा; त्यांना पलीकडे न्यायचं. कुणी मध्येच पाण्यात पडतं, तुम्ही वळून त्याला काढता किंवा काढत नाही. जिंकणं नाही, हरणंही नाही. माझा मुलगा कॉलेजात असताना हा खेळ त्याच्या हाती लागला, आणि त्याच्यासारख्याच चारपाच अनोळखी मुलांनी ठरवलं की हा मराठीत आणायचा. इंटरनेटवर त्यांनी जमायला एक फोरम काढला, त्याचं नाव धक्का. शब्द बसवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मुलानं एक दिवस माझ्यासमोर इंग्रजी शब्द टाकले आणि म्हणाला, “बाबा, यांना मराठीत काय म्हणायचं तेवढं सांगा. फुरसतीत.”

मी खेळ पाहिलाच नव्हता. छापखान्यात असंच चाले. अख्खं पुस्तक कधी हातात येत नसे, आठ-सोळा पानांचे सुटे फर्मे येत, कुणाच्या तरी मरणाचं शेवटचं पान आधी यायचं आणि त्याच्या लग्नाचं मागून. मी शब्द घेतले आणि एकेकाला प्रतिशब्द लावत गेलो. प्रवाशाला ‘उतारू’ केलं, त्याचा मला अजून अभिमान आहे. आणि ‘सेव्ह’ या शब्दाला मी ‘वाचवा’ लिहिलं. नदी आहे, होडी आहे, माणसं पाण्यात पडतात, मग दुसरं काय असणार? तो शब्द खेळ थांबवून जसाच्या तसा जपून ठेवण्याचा आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे मराठी ‘पलीकडचा काठ’ बंद करताना पडद्यावर विचारत असे: ‘वाचवायचं का? हो / नाही’. पहिल्या दिवशी पोरं म्हणे हसून लोळली. मी शरमेनं दोन रात्री नीट झोपलो नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याची चूक अशी चव्हाट्यावर. मी दुरुस्ती पाठवली, ‘जतन करा’. तर ती त्यांनी एकमतानं फेटाळली, आणि धक्क्याच्या यंत्रालाही तोच प्रश्न लावला. उलट धक्क्यावर आल्या आल्या एकमेकांना विचारायचं, “वाचवलंत का?” आणि उत्तर द्यायचं, “वाचलो.” असा रिवाजच पडला.

त्या दिवशी चहा पुसून मी संगणकापुढे बसलो. आमच्याकडे पुढची खोली माझी, आतली तिची, मध्ये पातळ भिंत. पूर्वी दोन्हींची मिळून एकच खोली होती, मुलाच्या अभ्यासासाठी दोन केल्या, आणि ती भिंत खोकलासुद्धा अडवत नाही. धक्का उघडला. माझ्या सगळ्यात जुन्या लेखनाखाली, जिथे शेवटची नोंद माझीच होती, एक नवी ओळ होती. लिहिणाऱ्याचं नाव ‘नवा उतारू’. त्यावरून काही कळत नाही. ज्यानं स्वतःचं टोपणनाव घेतलं नाही त्याला यंत्र तेच नाव देतं, आणि तेही मीच ठरवलेलं. ओळ होती: “वाचवलंत का?” पण अक्षरं केवढी! एकेक अक्षर माझ्या अंगठ्याएवढं. धक्क्यावर मथळ्यांसाठी तशी मोठी अक्षरं करता येत, पण साध्या बोलण्यात ती कुणी वापरत नसे, ते ओरडल्यासारखं होई. मला पहिली शंका आली ती तिथे. आपल्या माणसाला इथली रीत माहीत असती. आणि परक्याला हा प्रश्न कुठून माहीत?

मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं की अडकलो, हे वर्तमानपत्रात रोज येतं. आधी कुणीतरी जुना स्नेही म्हणून बोलतो, ख्यालीखुशाली विचारतो, मग हळूच काहीतरी मागतो. धक्क्यावरचे लोक पांगले तेव्हा माझा अशा मंडळींशी बराच संबंध आला होता. आधी ‘कासव’ या टोपणनावाचा मुलगा गेला, त्याला मूल झालं. मग ‘रात्रपाळी’, ती एका रुग्णालयात परिचारिका होती आणि तिला दिवसपाळी मिळाली. बाकीचे मोबाइलवरच्या गटात गेले, तिथे कुणी लांब लिहीत नाही. राखणदारी माझ्याकडे आली ती कुणी दिली म्हणून नव्हे, दुसरं कुणी उरलं नाही म्हणून. मग धक्क्यावर फक्त जाहिराती येत. केस उगवण्याच्या, वजन घटवण्याच्या, आणि इथे लिहिण्यासारख्या नाहीत अशा काही. मी रोज सकाळी झाडू मारावा तशा त्या काढून टाकी. एक दिवस गेलो तर एकही नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. आपली जागा इतकी ओसाड झाली की लबाडांनीसुद्धा नाद सोडला, हे तेव्हा मला फार लागलं होतं. आणि आता हा. म्हणजे लबाडच असणार.

दुपारी नव्या उतारूची दुसरी ओळ आली. “इथे पुन्हा माणसं यायला हवीत. सुरुवात करता येईल.” तिसरी लगेच: “ही जागा लवकरच काढून टाकणार आहेत. दुसरीकडे हलवता येते. किल्ली तुमच्याकडे आहे असं कळतं.”

आली का किल्ली! मी खुर्चीत मागे टेकलो, आणि खरं सांगायचं तर थोडं समाधानही वाटलं. संशय खरा ठरला की माणसाला आपण शहाणे वाटतो, आणि मला तसं वाटण्याचे प्रसंग कमी. जागा काढून टाकण्याबद्दल मात्र तो खरं बोलत होता. ज्या कंपनीच्या यंत्रावर धक्का होता तिची सूचना मला आली होती: जुन्या जागा महिनाअखेर पुसल्या जातील, राखणदारांनी मुख्य किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, वापरून मजकूर हलवावा. मी ती सूचना वाचली, म्हणजे तुकड्यातुकड्यानं वाचली, आणि बाजूला ठेवली. हलवायचं कसं ते मला माहीत नव्हतं. पुढचं सगळं बारीक अक्षरांत होतं.

डोळ्यांचं आता सांगतो. आधी अनुस्वार गेले. हे विनोदानं म्हणत नाही. धक्क्यावर माझं टोपणनावच अनुस्वार होतं, अक्षराच्या डोक्यावर बसलेला, असला काय नसला काय असा ठिपका. एके दिवशी वर्तमानपत्रात मला ‘केलं’चं ‘केल’ दिसायला लागलं. मला वाटलं, छपाई बिघडली. मी संपादकांना पत्रही लिहिलं, नशीब ते टाकलं नाही. मग ओळी मध्येच वाकायला लागल्या, आणि जिथे बघावं नेमकं तिथेच एक धुरकट बोट ठेवल्यासारखं. वाचनालयात जातो असं सांगून मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पुष्कळ थेंब घातले, पुष्कळ वेळ बसवलं आणि म्हणाल्या, “मधलं जाईल, आजोबा. कडा राहतील. घरी कुणी आहे ना?” मी आहे म्हटलं आणि घरी येऊन काही बोललो नाही. बोललो असतो तर काय झालं असतं? मुलगा आला असता. सामान बांधा म्हणाला असता. त्याच्या शहरातल्या बाराव्या मजल्यावरच्या खोलीत मला बसवलं असतं, आणि बायकोनं माझा हात धरून मला रस्ता ओलांडवला असता. पण खरी गोष्ट ती नव्हती. ज्याला वाचता येत नाही असा मी कोण, हे मला माहीत नव्हतं. वाचणे म्हणजे अक्षरं वाचणे, आणि वाचणे म्हणजे जगणे, ही दोन क्रियापदं मराठीत एकच आहेत, यावर मी एकदा धक्क्यावर फार हुशारीनं लिहिलं होतं. तेव्हा ते हुशारीचं वाटलं.

धक्क्यावर मी लिहीत असे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं मी इतरांची वाक्यं सरळ केली. स्वतःचं एक लिहायला बसलो की त्यातल्या चुका आधी दिसत आणि वाक्य मागून येईनासं होई. पण तिथे मी अनुस्वार होतो. खेळातल्या बिनतोंडाच्या उतारूंची मी एकेकाची हकीकत लिहायला लागलो. पिंजरा घेतलेली बाई कोण, पिंजरा रिकामा का, पलीकडे तिला न्यायला कोण येणार. पोरं वाट बघत. आणि सगळ्यात जास्त वाट बघे तो सुकाणू, म्हणजे माझा मुलगा. तो मला ‘अनुस्वार, तुम्ही’ असं लिही. भांडत असे, शंका काढी, एकदा तर लिहिलं की पिंजऱ्याची बाई वाचून मी बसमध्ये रडलो. त्याच संध्याकाळी जेवताना तो माझ्यासमोर होता आणि मीठ द्या म्हणाला. मी दिलं. आम्ही दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही. आमच्यातलं जे काही बोलणं झालं, ते तिथे आहे. महिनाअखेर ते पुसलं जाणार होतं, आणि न पुसलं तरी मला ते वाचता येणार नव्हतं. मग ते एका लबाडाला देऊन टाकलं काय आणि पुसू दिलं काय, असं कुणी म्हणेल. मीही म्हणत होतो. पण किल्ली देण्याचा विचार आला की मी संगणक बंद करी. त्यात काय काय लिहितील, आपल्या हकिकतींच्या मधोमध केसांच्या जाहिराती लावतील.

मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. लिहिलं, “धुक्यात पलीकडून घंटा वाजली तर काय करायचं?” जुन्या माणसाला हे झोपेतही सांगता येईल: वल्ही थांबवायची. बराच वेळ गेला. मग ती प्रचंड अक्षरं: “ते माहीत नाही. खेळ खेळून झालेला नाही. पण इथे तुम्ही हसायचात ते ऐकलेलं आहे.”

ऐकलेलं आहे? फोरमवर हसणं ऐकू येतं का कुणाला? हे तर यंत्रच निघालं. हल्ली यंत्रं माणसांसारखी बोलतात आणि मध्येच असं काहीतरी बरळतात, असं मी ऐकून होतो. पण मग मी त्या ओळींकडे पुन्हा मान वळवून वळवून पाहिलं, आणि माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. करता येईल. असं कळतं. खेळून झालेला नाही. ऐकलेलं आहे. एकाही क्रियापदाला लिंग नव्हतं. मराठीत माणूस ‘मी’ म्हणाला की पुढच्याच शब्दात बाई की बुवा ते सांगून बसतो, ‘करतो’ नाहीतर ‘करते’. इथे कुणीतरी प्रत्येक वाक्य वाकवून त्यातून स्वतःला काढून घेत होतं. यंत्राला एवढी गरज नाही. हे माणूस होतं, आणि ते लपत होतं.

दुसऱ्या दिवशी माझी खात्रीच पटली. मी बाजारातून परत येत होतो, तेव्हा मोबाइल वाजला. निरोपात उत्तराची पहिली ओळ येते, बारीक अक्षरांत. “कसं हलवायचं ते विचारून सांग” इथपर्यंत मला दिसलं, आणि त्यापुढे ‘तो’ होतं की ‘ते’ हे दिसेना. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मान डावीकडे, उजवीकडे. मोबाइल लांब, जवळ. त ला काना आहे की नाही? एक उभी रेघ. चाळीस वर्षांत अशा किती रेघा मी भरल्या आणि किती खोडल्या! भाजीच्या पिशवीचा बंद बोटात रुतत होता. एक पोरगी थांबून म्हणाली, “आजोबा, काय शोधताय?” मी म्हटलं, “काना.” ती माझ्या कानाकडे बघून निघून गेली. मी जवळजवळ धावत घरी आलो, संगणक उघडला. तिथे होतं: “कसं हलवायचं ते विचारून सांगण्यात येईल.” आणि खाली बारीक राखाडी ठिगळ, जे मी वाचू शकलो नाही, पण जागेवरून ओळखलं. ‘संपादित’. म्हणजे चूक झाली होती, आणि ती मी पाहण्याआधी पुसली होती.

“भाजी दारातच टाकलीत,” बायको म्हणाली. “एवढं कोण बोलावत होतं?”

“कुणी नाही.”

“बरं.” तिच्या मांडीवर मोबाइल पालथा होता. हल्ली तो नेहमी पालथाच असतो. हेही मी पाहून ठेवलं होतं. मी खोलीत गेलो की ती बोलत असलेली थांबते आणि म्हणते, “बरं ठेवते,” आणि मग मला, “मुलाचा होता. बरा आहे.” बरं असल्याचं सांगायला इतका हळू आवाज लागतो? एकदा भिंतीतून मला “त्यांना कळता कामा नये” असं ऐकू आलं. निदान तसं वाटलं. माझे कान तिच्यासारखे नाहीत. पण मला सामान बांधल्याचा वास यायला लागला होता. एकीकडे धक्क्यावर कुणीतरी माझी किल्ली मागत होतं आणि दुसरीकडे घरात कुणीतरी माझ्याबद्दल ठरवत होतं, आणि दोन्हीकडे मी काही विचारू शकत नव्हतो, कारण विचारलं तर डोळ्यांपर्यंत गोष्ट गेली असती.

शेवटी मी मुलालाच फोन लावला. ती खाली दळण आणायला गेली होती.

“बाबा? तुम्ही? काय झालं?”

“व्हायला कशाला पाहिजे? सहज.” मग मी घसा साफ केला. “धक्क्यावर गेला होतास का एवढ्यात?”

“कुठल्या धक्क्यावर?” तो म्हणाला, आणि लगेच, फार लगेच, “नाही हो. आहे का ते अजून?”

“आहे. पुसणार आहेत.”

“हं.” थोडा वेळ त्याच्याकडच्या पंख्याचा आवाज आला. “मग तुम्ही काय करणार?”

“मी काय करणार! कुणीतरी नवा उतारू आलाय, किल्ली मागत बसलाय.”

“द्या की मग.”

“तूच सांगतोस ना, कुणाला ओटीपी देऊ नका म्हणून?”

“ओटीपी वेगळा, बाबा.” तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, “डोळे कसे आहेत?”

आजवर त्यानं माझी पाठ विचारली होती, गुडघे विचारले होते, पोट साफ होतं का तेही विचारलं होतं. डोळे कधी नाही. मी म्हटलं, “दोन आहेत,” आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी धक्क्यावर गेलो नाही. म्हणजे गेलो, पण लिहिलं नाही. नवा उतारू रोज सकाळी विचारे, “वाचवलंत का?” आणि मी त्या अगडबंब अक्षरांकडे बघत बसे. एक गोष्ट मी स्वतःशीही कबूल करत नव्हतो: त्या एका ओळीसाठी मी उठल्यावर आधी संगणक लावत होतो. दुसरं काहीच मला धड वाचता येत नव्हतं. वर्तमानपत्र बायको मोठ्यानं वाचे, तिची पूर्वीची सवय नव्हती ती; म्हणे, “आवाज बसायला नको.” पुस्तकं मी उघडून मांडीवर धरत असे आणि ठरावीक वेळानं पान उलटत असे. पण ही ओरडणारी ओळ, तिचा काना, मात्रा, ‘लं’वरचा तो ठिपकासुद्धा, मला सरळ बघून दिसे. लबाडाचं का होईना, पण वाचता येतंय, याचा आनंद होणं किती लाजिरवाणं!

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. जेवण झालं, भांडी झाली, बायको आत आडवी झाली. मी संगणकापुढे बसलो. उतारूनं लिहिलं होतं: “आज शेवटचा दिवस. वाचवायचं का? हो / नाही.”

मग वाटलं, आज सगळं जाणारच आहे. जो कोण आहे तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. उद्या ही जागाच नसेल. पुसल्या जाणाऱ्या भिंतीवर काहीही लिहावं. मी अक्षरं चाचपत, एकेक कळ मोजत लिहिलं, “मला आता वाचवत नाही.” लिहून झाल्यावर दिसलं की याचे दोन अर्थ होतात, मला कुणी वाचवत नाही आणि मला वाचणं जमत नाही, आणि मुद्रितशोधकानं असं संदिग्ध वाक्य जाऊ देऊ नये. मी ते जाऊ दिलं.

आणि भिंतीपलीकडे टुण्ण झालं.

मी हललो नाही. योगायोग असेल. तिला औषधाच्या दुकानाचा निरोप आला असेल, त्यांची वेळ दुपारचीच. मी पुन्हा कळ दाबली आणि फक्त एक ठिपका पाठवला. पलीकडे टुण्ण. मग काही वेळ काहीच नाही, मग अगदी हलकी, एकेका बोटाची टकटक, आणि माझ्यासमोर अंगठ्याएवढी अक्षरं उगवली: “हा कसला ठिपका?”

मग एकेक गोष्ट मागून येऊन जागेवर बसायला लागली, सुटे फर्मे लागावेत तशी. ऐकलेलं हसणं. पालथा मोबाइल. मुलाचा पंखा. माझ्या खोलीत तिनं आणलेला मोठा दिवा, “माझी सुई दिसत नाही” म्हणून, आणि ती तर माझ्या खोलीत कधी शिवत नाही. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला लावलेली पांढरी पट्टी. मीठ आणि साखर, एक लाल डब्यात, एक पांढऱ्या. मी किती सावधपणे पानं उलटत होतो, आणि ती आतून ऐकत होती, की पानं उलटण्याचं अंतर सारखं आहे. वाचणारा माणूस असा सारखा उलटत नाही. हे ती ऐकून ओळखणार नाही, असं मी कसं समजलो? मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. ज्या माणसापासून लपवत होतो त्याच्याच समोर इतके दिवस मी लपण्याचं नाटक करत होतो, आणि त्यानं तिकीट काढून बघितलं होतं. आणि मुलगाही सामील. कधीपासून? अजून काय काय ठाऊक आहे? पिंजऱ्याची बाई तिनं वाचली असेल का? त्या बाईचा आवाज मी कुठून घेतला होता, हे तिला कळलं असेल का?

पडद्यावर आणखी एक ओळ आली. “माहीत आहे. म्हणून तर मोठं लिहिलं जातं.” अजूनही लिंग नाही. पकडली गेल्यावरसुद्धा. आणि तिच्याखाली, एकटाच शब्द: “धरा.”

मी धरून बसलो. टेबलाची कड. पलीकडे तिच्या कॉटची करकर झाली, ती उठून बसली असावी. मला उठून आत जाता आलं असतं, दहा पावलंही नाहीत. पण आत जाऊन तिच्याकडे बघायचं म्हणजे तिचा चेहरा नेमका मधोमध येणार, आणि मधोमध मला आता काही दिसत नाही. मी भिंतीकडे तोंड केलं.

“अगं.”

“अं?” झोपेतून उठल्यासारखा आवाज. सुरेख अभिनय.

“किल्ली घे.”

मग तो आवाज आला, जो मी छापखान्याच्या टेलिफोनवर ऐकत असे. त्यात झोप नव्हती, वयही नव्हतं. “सांगा.”

“व ला काना. च. व ला काना.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. एवढीच.”

“अगंबाई! एवढीच?” ती म्हणाली. “आणि आम्ही दोघं इतके दिवस डोकं खाजवतोय. पोरगा म्हणाला, बाबांची आहे म्हणजे जोडाक्षरं असणार.”

“सामान बांधायचं ठरलंय का तुमचं?”

“कुणाचं सामान?”

“माझं.”

“तुमचं काय आहे बांधण्यासारखं? हेच तर बांधतोय.” टकटक सुरू झाली, एकेका बोटाची. मग थांबली. “इथे विचारतंय, वाचवायचं का. हो की नाही.”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं, तुमचंच वाक्य आहे. चुकीचं.”

तिनं काय दाबलं ते मला दिसणं शक्य नव्हतं. समोरचा पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला, आणि तेवढ्या वेळात मला वाटून गेलं की गेलं सगळं, बाई, पिंजरा, बसमध्ये रडलेला मुलगा, सगळं. मग टेबलावर माझा मोबाइल वाजला. बारीक अक्षरांची एक ओळ, मध्ये धुरकट बोट. मी सवयीनं मान वळवायला लागलो. मग वळवली नाही.

“काय आलंय बघ गं,” मी भिंतीला म्हटलं. “वाच.”